डाव्या पायाचं माप

बाभळीचं लाकूड पाण्यात कुजत नाही,
म्हणून निळ्या नाईलवरच्या होड्या तिच्याच.
आणि पायही.
बापाने होड्या केल्या, मी पाय करतो.
उम्म तल्हा गावात एकोणचाळीस माणसं
माझ्या पायांनी चालत होती.

काटा तिचा, लाकूडही तिचंच.
इतकी चोख देवाणघेवाण
मी दुसऱ्या कुठल्या झाडाची पाहिली नाही.

काटा मोडतो. कोण बघतंय?
तीळ निंदायचा असतो, शेळ्या पांगलेल्या असतात.
वर्षाने टाचेशी गाठ येते. दुखत नाही.
दुखली असती तर बरं झालं असतं.
मग गाठीला भोकं पडतात
आणि काळे दाणे गळू लागतात,
खसखशीएवढे.
काट्याचा नायटा, तोही शब्दशः.

औषध होतं. वर्षभर घ्यायचं,
महिन्याच्या गोळ्यांना एक शेळी.
बारा शेळ्या कुणाच्या दावणीला असतात?
ज्यांच्या होत्या
त्यांतल्याही कितीजणांना करवत चुकली नाही.
आधी डॉक्टरांची करवत.
मग माझी.

सित्तना, माझ्या बायकोची धाकटी बहीण,
तिच्या टाचेतून दाणे आले त्या उन्हाळ्यात
डॉक्टर इख्लास ट्रकच्या टपावर बसून आली,
मांडीवर शीतपेटी.
म्हणाली, एक नवी गोळी आहे.
दूरच्या एका देशात नखांच्या बुरशीसाठी केलेली.
(तिथे नखांची काळजी करायलाही सवड असते,
हे ऐकून बायका बराच वेळ हसत होत्या.)
गोळी इथल्या पायांवर चालते का, ते बघायचंय.
बघायला पैसा लागतो.
आणि ज्याच्याकडे बारा शेळ्या नाहीत
तो कुठल्याच कंपनीच्या वहीत गिऱ्हाईक नसतो.

मग कुठल्याशा बर्फाच्या गावात
देश एका टेबलाभोवती बसले म्हणे.
एकाने भरपूर दिलं.
एकाने नुसती सही दिली.
एकाने कबूल केलं, मग त्याच्याकडे निवडणूक झाली,
आणि दोन वर्षं
ही पेटी रिकामीच गुणगुणत राहिली.

"म्हणजे नफीरच की," मी म्हणालो.
आमच्याकडे कुणाची भिंत पडली
की गाव माती तुडवायला जमतं.
कुणी फावडं आणतो, कुणी नुसतं तोंड.
कुणी नेमका जेवायच्या वेळी उगवतो.
त्यालाही वाढतात.
पण भिंत उभी राहीपर्यंत
घरातली माणसं उघड्यावर झोपतात,
हे इख्लासला सांगावं लागलं नाही.

निम्म्यांना जुनं औषध, निम्म्यांना नवं,
कुणाला कुठलं ते कुणालाच सांगायचं नाही.
सित्तनाने कागदावर अंगठा टेकवण्याआधी विचारलं,
"माझ्या पायावरून तुम्ही शिकणार?"
"हो."
"मग नीट शिका."

आणि मी काय केलं, तेही सांगतो.
ती रांजण भरून गेली तेव्हा अंगणात
ओलं पाऊल उमटलं होतं. वाळण्याआधी
मी त्याचं माप घेतलं.
बारा बोटं. डावा.
सवय, दुसरं काय.
कुणाला न सांगता रात्री तासला, तेल दिलं,
पोत्याखाली ठेवला.

गाठ आधी लिंबाएवढी राहिली,
मग चिंचोक्याएवढी.
मग तिथे नुसती कातडी, थोडी चकाकणारी.

तिच्याच खोलीत, खिडकीच्या खाटेवर हमदून होता.
तीच पेटी, तेच वार, तसाच अंगठा.
त्याचा पाय गेला.
कुठली गोळी होती, त्याने विचारलं नाही.
मी त्याचं माप घेतलं तेव्हा तो छताकडे बघत होता.
सित्तनासाठी केलेला त्याला बसणार नव्हता.
नवा केला. पैसे घेतले नाहीत.
पहिल्यांदाच.

आता चाळीस.

आणि एकेचाळिसावा दाराला अडकवलाय,
धुळीचं वादळ आलं की फळी आपटते म्हणून.
सित्तना चहाला येते,
उंबऱ्यावर थांबते,
डाव्या पायाने त्याला हलकेच ढकलते.
"अजून ठेवलायस?"
"दार आपटतं," मी म्हणतो.